अंगठी कधी घट्ट झाली?

आमच्या गल्लीत लग्न ठरलं की आधी खाटकाला सांगतात आणि मग तुर्कियाला. नवरीच्या हातावर मेंदी लावायची ती तुर्कियानेच, असा गाबेस शहराच्या या टोकाला रिवाजच पडून गेला होता. मेंदी आमच्याच बागांतली, खजुरांच्या सावलीत वाढलेली, तिचं आम्हाला काही विशेष नाही. विशेष होतं ते तुर्कियाच्या धरण्याचं. नवरी कितीही रडत असो, हिने मनगट धरलं की पोरगी गप्प व्हायची. "हात माझ्याकडे दे आणि रडणं आईकडे," असं म्हणायची आणि कामाला लागायची.

तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. तिच्याकडच्या कुसकुसात मीठ कमी पडलं तर मला कळायचं, कारण तिची सासू उम्मी हनिया ते साऱ्या गल्लीला ऐकवायची. त्यामुळे मी सांगते त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे. राहिलेलं तिनेच पुढे सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तुर्कियाचे हात इतके लहान होते की सासूने दिलेली अंगठी बोटात फिरत राहायची. अंगठी उम्मी हनियाच्या आईची, जाड सोन्याची. आतून दोरा गुंडाळून ती बसवावी लागली. पुढे काही वर्षांनी दोरा काढला तेव्हा तुर्किया खूश झाली. सासरचं अन्न अंगी लागलं असं सगळ्या म्हणाल्या. मग अंगठी घट्ट झाली. मग साबण लावूनही निघेना. बोटं जाड, तळवे रुंद, आणि सदा घामेजलेले. चपला नवऱ्याच्या मापाच्या झाल्या. आवाजही भरडा होत गेला. दारामागून तिने "कोण?" म्हटलं की दूधवाला "सलाम, भाऊ" म्हणायचा आणि बायका हसायच्या. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू.

तिच्या धाकट्याची सुंता झाली त्या वर्षी बोट निळं पडलं. नवरा बिल्गासेम भाड्याची गाडी चालवतो. गाबेसच्या सोनाराकडे गेलं तर गावभर होईल म्हणून त्याने तिला स्फाक्सला नेलं आणि तिथे अंगठी कापून काढली. बोट वाचलं. पण उम्मी हनियाची ठाम समजूत अशी की लग्नाची अंगठी कापणं म्हणजे नवऱ्याचं आयुष्य कापणं. तिची स्वतःची अंगठी कापावी लागली त्याच वर्षी तिचा नवरा गेला होता. तिला सांगायचं काय? परतीच्या वाटेवर दोघांनी मिळून ठरवलं. बिल्गासेम म्हणाला, कामाच्या ठिकाणी हरवली म्हण. हरवलेल्या वस्तूवर कोणाचं आयुष्य अडत नाही.

तुर्कियाने तसंच केलं. एका लग्नघरी मेंदी लावून झाल्यावर ती ओरडली की अंगठी पातेल्यात निसटली. बायकांनी पातेलं उपसलं, मेंदीचा लगदा बोटांनी चाळला, जाजमं झटकली. अंगठी सापडणार कुठून, ती तर तिच्याच पेटीत तळाला होती. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण पातेल्यापाशी रब्हा होती. रब्हा विधवा बाई, तुर्कियाच्याच वयाची. मेंदी चाळायची, कालवायची, लिंबाच्या पाण्यात भिजवायची, तुर्कियासोबत घरोघर जायची. मी त्या दिवशी मुलीकडे गेले होते. असते तर काही वेगळं केलं असतं असा माझा दावा नाही. बायकांनी रब्हाला चोर म्हटलं नाही. नुसतं म्हणाल्या, जरा हात दाखव. तिने मुठी उघडल्या. जरा बाह्या वर कर. तिने केल्या. उम्मी हनियाने त्या बाह्या स्वतःच्या हाताने झटकल्या. तुर्किया तिथेच उभी राहून बघत होती.

पुढे रब्हाला कोणी बोलावणं पाठवलं नाही. इतकंच. भांडण नाही, तंटा नाही. वर्षाच्या आत ती मत्माताच्या डोंगरात भावाकडे राहायला गेली आणि गल्ली तिला विसरली. तुर्किया मात्र तेव्हापासून हात लपवू लागली. बाजारात जाताना पांढऱ्या ओढणीच्या आत मुठी, पाहुणे आले की हात परकराच्या घडीत. आम्हाला वाटायचं, जाड हातांची लाज वाटते बिचारीला. ती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. हे हात कोणी नीट पाहिले तर त्याला कळेल की यांतून अंगठी सुटूच शकत नव्हती, मग निसटेल कशी?

त्यात तिला डोकेदुखी लागली. कपाळाच्या मागे सतत ठणका. रात्री हातांना मुंग्या. आणि चालताना दारांच्या चौकटींना खांदे आपटू लागले. मी तिला सी मुन्जींकडे जा म्हणून धोशा लावला. सी मुन्जी आमचे जुने डॉक्टर, आणि त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक: आधी हात. तुम्ही पोटाचं रडगाणं गात असता आणि ते तुमची नखं दाबून रंग किती वेळात परततो ते बघत असतात. तळवा उलटा, सुलटा. बोटं ताठ करायला लावून वर कागद ठेवायचे, कागद थरथरला की मान हलवायची. मग मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसायचे. माझ्यात रक्त कमी आहे हे त्यांनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं. खजूर उतरवणाऱ्या एका गड्याच्या बोटांची फुगलेली टोकं बघून त्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं होतं, आणि तो खोकल्याचं औषध मागायला आला होता.

म्हणून तुर्किया जाईना. आणि गेली तेव्हा काय करून गेली? सकाळीच दोन्ही हातांना मनगटापर्यंत मेंदी थापली, वर फडकी बांधली आणि त्यावर नवरीच्या असतात तशा कापडी पिशव्या चढवल्या. आमच्यात बांधलेली मेंदी वेळेआधी कोणी सोडत नाही. ज्याने सोडली त्याच्या माथी त्या घरचं पुढचं सगळं अशुभ. सी मुन्जी शिकलेले खरे, पण गाबेसचेच. पिशव्या बघून हसले, कोणाचं लग्न काढलंय म्हणून विचारलं. तुर्कियाने नात्यातल्या कोणाचं तरी नाव सांगितलं. त्यांनी जीभ बघितली, पापण्या ओढून बघितल्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. चष्मा लावून बघ असंही म्हणाले. ती घरी आली आणि माझ्यासमोर पिशव्या सोडून ढसाढसा रडली. मला वाटलं, आजाराची भीती. मी वेडी तिला गुळचट चहा पाजत बसले.

असं आणखी दोन-तीन वर्षं चाललं. मग ओल्फाचं लग्न आलं.

ओल्फा आमच्याच गल्लीतली, ट्युनिसच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर झालेली. लग्नाला इकडेच आली. मेंदीच्या दुपारी घर बायकांनी भरलेलं, डफ वाजतायत, बदाम घातलेला चहा फिरतोय. तुर्किया खाली मान घालून कामाला लागली. तिने ओल्फाचं मनगट नेहमीसारखं धरलं. ओल्फा पुढे मला म्हणाली, मऊ पिठाच्या गोळ्यात हात रुतावा तसं वाटलं, आणि ओलसर, आणि तिच्या अंगठ्याची रुंदी जाणवली तशी मी मेंदीकडे बघणंच सोडलं. मी बाजूलाच चहाचे पेले गोळा करत होते, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"खालती," ओल्फा हळूच म्हणाली, आमच्यात मावशीला खालती म्हणतात, "तुझे हात पहिल्यापासून असेच का गं?"

"कष्टाचे हात आहेत, लेकी. हलू नकोस."

"आणि चपलेचं माप? वाढलं?"

तुर्कियाने मेंदीचा पुढचा गोळा उचलला. डफवाल्या नेमक्या चहाला थांबल्या होत्या.

"तुझ्या बोटात अंगठी असायची," ओल्फा म्हणाली. "मी लहान असताना बघितलीय. ती कधी घट्ट झाली?"

अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. तुर्कियाचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना. ओल्फाच्या आत्याला, सलूहाला, वाटलं आपणच मदत करावी. ती म्हणाली, "घट्ट कसली होतेय? चोरीला गेली बिचारीची. त्या रब्हाने लांबवली."

इतक्या वर्षांत तो शब्द कोणी तोंडाने उच्चारला नव्हता. तुर्कियासाठीच उच्चारला गेला, तिची कीव येऊन. तुर्कियाने नुसती ओल्फाच्या हातांवर फडकी गुंडाळली, पिशव्या चढवल्या, नाड्या बांधल्या आणि ताटाला हात न लावता निघून गेली. जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर दाणकन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर लाथ बसली. उघडते तर ओल्फा. मेंदी लागलेल्या नवरीने घराबाहेर पाऊल टाकू नये, आणि ही बागांतून चालत आली होती. हातांवर पिशव्या, त्यामुळे कडी वाजवता येईना. मला म्हणाली, तुर्कियाचं दार तू उघड, मला हात नाहीत.

तुर्किया आतल्या खोलीत बसली होती. अंगणात उम्मी हनिया वाटाणे सोलत होती. ओल्फा तुर्कियासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मला धरता येत नाही, त्यामुळे नुसतं बघू दे. हात काढ." तुर्कियाने मान हलवली. ओल्फा थांबली. शेवटी तुर्कियाने हात परकरातून काढले आणि मांडीवर ठेवले. मी ते रोज बघत होते आणि तरी पहिल्यांदा पाहिले असं वाटलं.

ओल्फाने तिला दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. थोड्याच वेळात बोटांत मुंग्या आल्या, तुर्कियाचा चेहरा वाकडा झाला. मग ओल्फा म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघ, दुसरीकडे नको," आणि स्वतःचे पिशवीतले दोन्ही हात बाजूंना पसरले. "कुठला हलतोय?"

"कोणताच नाही," तुर्किया म्हणाली.

मी मागून बघत होते. दोन्ही हलत होते. ओल्फाने ते हळूहळू आत आणले, पार आपल्या कानांपाशी आल्यावर तुर्कियाला दिसले.

ओल्फाने समजावलं ते मला समजलं तेवढं सांगते. मेंदूच्या तळाशी मटारएवढी गाठ असते, सगळ्यांनाच. हिची वाढली आहे. ती शरीराला वाढत राहा असं सांगत सुटली आहे, म्हणून हात, पाय, जबडा, आवाज. आणि आता ती डोळ्यांच्या नसांवर बसली आहे. काढता येते, पण उशीर केला तर बाजूचं गेलं तसं समोरचंही जाईल. "तिथे गेल्यावर प्रत्येक जण तुला हेच विचारेल, खालती. अंगठी कधी घट्ट झाली. त्यावरून किती वर्षांचं दुखणं आहे ते कळतं. खरं सांगावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर माझी मेंदी तू लावलेली शेवटची असेल."

तुर्किया उठली. चौकट चाचपत अंगणात गेली, सासूसमोर उभी राहिली आणि हात पुढे केले. म्हणाली, अंगठी हरवली नव्हती, चोरीला गेली नव्हती, स्फाक्सला कापली. पेटीत आहे. बिल्गासेम न्हाणीतून बाहेर आला होता, तो तिथेच भिंतीला टेकला. मला वाटलं म्हातारी आता आयुष्य कापल्याचं काढेल, लेकाकडे बघून छाती बडवेल. तिने वाटाणे बाजूला ठेवले.

"मी तिच्या बाह्या झटकल्या होत्या," ती म्हणाली. "तू मला झटकू दिल्यास."

म्हातारीने सुनेशी कित्येक दिवस बोलणं टाकलं.

ट्युनिसला तिला बिल्गासेमने नेलं. तिथे तिच्या लग्नाचा फोटो मागवून घेतला आणि आताच्या हातांशेजारी ठेवून बघितला. मोठ्या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांची रांग लावली आणि म्हणाले, काही विचारू नका, आधी बाईंशी हात मिळवा. एकेकाने तिचा हात हातात घेतला, दाबून बघितला, उलटा केला. जन्मभर दुसऱ्यांचे हात धरलेली बाई डोळे मिटून बसली. मग प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला आणि तिने प्रत्येकाला सांगितलं, धाकट्याची सुंता झाली त्या वर्षी. ती मला म्हणाली, त्यांना ते नुसतं साल वाटत होतं.

नाकातून आत जाऊन गाठ काढली. डोकेदुखी थांबली. समोरचं वाचलं, बाजूचं थोडं परत आलं, थोडं गेलं ते गेलंच. हातांची सूज उतरली, घाम थांबला, पण हाडं वाढलेली तशीच राहिली. गल्लीने तिचं स्वागत केलं, शोरबा आणला, तिखट हरिसा घातलेली मासळी आणली, आजाराबद्दल हळहळ व्यक्त केली. रब्हाचं नाव सलूहानेही काढलं नाही आणि बाकीच्यांनीही. सगळ्यांना कळलं होतं. आजाराच्या गोष्टीत ते सोयीने बुडवून टाकलं.

तुर्कियाही काही दिवस बुडवू बघत होती, हे मी तिच्या तोंडावर म्हटलं. आधी डोळे आणि मग रब्हा, हा क्रम मला पटला नव्हता, तेही म्हटलं. ती म्हणाली, "डोळे नसते तर बरं झालं असतं. तिचं तोंड बघावं लागलं नसतं." मला तिचा इतका राग आला, आणि इतकी दयाही. ऑलिव्हचं तेल पिळायच्या दिवसांत एका सकाळी ती अंगठीचे दोन तुकडे रुमालात बांधून माझ्या दाराशी आली. चल म्हणाली.

बिल्गासेमने आम्हाला मत्माताला नेलं. तो स्वतः गाडीतच बसून राहिला, खाली उतरायची त्याची छाती झाली नाही. रब्हा भावाच्या अंगणात ऑलिव्ह निवडत होती. पार वाळून गेली होती. तिने आम्हाला ओळखलं, उठली, चटई टाकली. तुर्किया चटईवर बसली नाही. रुमाल सोडून तुकडे जमिनीवर ठेवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"यात ती बसत नव्हती, रब्हा," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं."

रब्हाने तुकड्यांकडे नीट पाहिलंही नाही. तिने तुर्कियाचे हात घेतले आणि बघत राहिली. बोटं, सांधे, तळवा, मग मनगट. ट्युनिसच्या डॉक्टरांनीही इतका वेळ लावला नसेल. मला वाटलं आता ती काहीतरी जहरी बोलेल आणि मनातून मला ते हवंच होतं. ती म्हणाली, "दुखतात का गं?"

"आता नाही."

"बरं," रब्हा म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

चहा प्यायलो. तिने इकडचं तिकडचं विचारलं, सी मुन्जी आहेत का, ओल्फाला मूल झालं का. तुर्किया माफीचं काही बोलू लागली की ती पेल्यात चहा ओतायची. ऑलिव्हची एक पिशवी तिने आमच्यासाठी बांधून दिली. तुकडे तिने तुर्कियाच्या रुमालात परत बांधले, गाठ घट्ट मारली.

निघताना ती अंगणाच्या दारापर्यंत आली. आणि तिथे, कोणी काही म्हटलं नसताना, तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोन्ही तळवे उघडे करून आमच्यासमोर धरले. एकदा सुलटे, एकदा उलटे. तिच्या भावजयीने मान खाली घातली. तिला हे नवं नसावं.

रब्हाच्या लक्षात आलं तशा तिने बाह्या खाली केल्या. "राग मानू नका," ती म्हणाली. "पाहुणे निघाले की आपोआप होतं."

मला वाटलं तुर्किया ते हात धरेल. तेवढं एकच काम तर तिला जन्मभर येत होतं. तिने स्वतःचे हात ओढणीच्या आत ओढून घेतले आणि गाडीकडे चालू लागली.